पुढून नावं, मागून फळा

मी एक जुनी कोनशिला आहे मित्रांनो, आणि मला जन्मापासून एक खोड आहे. चौकशीची. दगडाला कसल्या आल्यात चौकश्या, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याला जागचं हलता येत नाही त्यालाच प्रश्न जास्त पडतात. तुम्हाला कंटाळा आला की तुम्ही उठून जाता. मी कुठं जाणार?

कोनशिला तुम्ही पाहिलेली असणारच. शाळा, दवाखाना, पूल, काहीही बांधायचं ठरलं की आधी एक गुळगुळीत दगड उभा करतात. त्यावर मोठ्या लोकांची नावं कोरतात, वरून पडदा सोडतात, आणि जमलेल्यांतला सगळ्यात मोठा माणूस तो पडदा ओढतो. टाळ्या पडतात. मग नाश्ता होतो. त्यानंतर कधीतरी ती शाळा किंवा तो पूल बांधतात. किंवा नाही बांधत. दगड मात्र कधी राहून जात नाही.

मी काळ्या ग्रॅनाईटची. एका मोठ्या लादीतून आम्हाला कापलं. माझ्या बहिणी घरोघरी स्वयंपाकाचे ओटे झाल्या. त्यांच्यावर भाकरी थापतात, वांगी चिरतात, त्यांच्यावर हात टेकून बाया सुखदुःखाचं बोलतात. उरलेला तुकडा मी. मला नागपुरात, नंदनवनच्या रस्त्यावर, नत्थूबाबांच्या दुकानात आणून टाकलं. नत्थूबाबा छिन्नीनं अक्षरं कोरायचे. लोकांच्या घरांवरची नावं, समाध्यांवरची नावं, सगळी एकाच हातानं आणि एकाच मायेनं.

तिथं धर्मेंद्र आला. धर्मेंद्र म्हणजे साहेबांचा उजवा हात. साहेब म्हणजे आमच्या भागाचे आमदार. त्यांचं नाव मी सांगणार नाही. अंगावर नावं वागवून मला त्यांचा वीट आला आहे.

"बाबा, साहेबाचं नाव मोठं घ्या," धर्मेंद्र म्हणाला. "रोडवरून गाडीत बसल्या बसल्या वाचता आलं पाहिजे."

नत्थूबाबांनी कागद पाहिला. साहेब, साहेबांचे बंधू, सभापती, उपसभापती, ठेकेदार. सगळी नावं त्यांनी खडूनं माझ्यावर मांडून पाहिली आणि डोकं खाजवलं.

"अन् शाळेचं नाव कुठं टाकू गा?"

"टाका नं खाली कुठंतरी. शाळेले ठाऊक आहे का आपण शाळा आहो म्हणून."

म्हणून माझ्या उजव्या कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कोरलं गेलं: वर्गखोलीचे भूमिपूजन, शाळा बोरटोली. तेव्हा मला कळलं की मी एका खोलीची आहे. आणि तेव्हापासूनच माझी चौकशी सुरू झाली. कशी असेल ती खोली? तिला खिडक्या किती? तिच्यात कोण बसेल?

बोरटोली म्हणजे हुडकेश्वरच्याही पलीकडची वस्ती. अर्धी घरं पक्की, अर्धी टिनाची. काही जुने शेतकरी, काही बांधकामावर जाणारे, आणि मधोमध निळ्या झेंड्याचा चौक. शाळा सरकारी, पाचवीपर्यंत. पाचवीनंतरची शाळा मोठ्या रस्त्याच्या पल्याड, जिथं ट्रक थांबत नाहीत आणि माणसांना थांबावं लागतं. पोरं सायकलीवर जायची. पोरी पाचवी झाल्या की घरी बसायच्या. म्हणून वस्तीनं सहावीचा वर्ग मागितला होता आणि त्या वर्गासाठी खोली.

पूजेच्या दिवशी मांडव पडला. चुन्यानं जमिनीवर खोलीचा चौकोन आखला. साहेबांनी कुदळ मारली, म्हणजे कुदळीला हात लावून फोटोकडं पाहिलं. नारळ फुटला. माझ्यावरचा पडदा सर्रकन ओढला गेला आणि मी पहिल्यांदा बोरटोली पाहिली. पुढच्या सतरंजीवर एक चिमुरडी बसली होती, नुकतीच पहिलीत घातलेली. नाव प्रीती. ती पडद्याकडं नाही, चुन्याच्या चौकोनाकडं पाहत होती. आईला विचारत होती, "आई, दार कुठून राहीन?"

हा माझाच प्रश्न होता! त्या दिवसापासून ती मला आपली वाटली.

मला शाळेच्या पटांगणात कडुनिंबाजवळ उभं केलं. पाठीशी भिंत बांधायची असते, पण ठेकेदारानं विटा वाचवल्या. दोन बुटके खांब घातले आणि त्यांच्या मधे मला रोवलं. पुढून मी आरशासारखी चकचकीत. मागून खडबडीत, काळपट, उघडी. हे लक्षात ठेवा मित्रांनो. त्या वाचवलेल्या विटांनीच पुढं सगळा घोटाळा केला.

मी वाट पाहू लागले. चुन्याचा चौकोन आधी पुसट झाला, मग गेला. माझा हार बकरीनं खाल्ला. कुणी विटा आणल्या नाहीत, कुणी वाळू टाकली नाही. मधे ती आजारपणाची साथ आली आणि शाळाच बंद झाली. पटांगणात गवत वाढलं. तेव्हा प्रीती एकटी माझ्यापुढं येऊन बसायची. घरी मोबाईल एकच, तो बाप धम्मदीप कामावर घेऊन जायचा. पुस्तक होतं, पण शिकवायला कुणी नव्हतं. मग ती माझ्यावरची अक्षरं बोटानं गिरवायची. कोरीव अक्षर बोटाला बरोबर सापडतं. सभापतीतला 'स', ठेकेदारातला 'ठ'. त्या पाच जणांनी आयुष्यात दुसरं काही चांगलं केलं असेल नसेल, बोरटोलीची एक पोरगी त्यांच्या नावांवर वाचायला शिकली. त्यांना हे ठाऊक नाही. असतं तर त्याचाही फलक लावला असता.

शेवटी ती कोपऱ्यातल्या मुंगीच्या ओळीपर्यंत पोचली. 'वर्गखोली' वाचलं आणि माझ्या मागं जाऊन पाहून आली. परत पुढं आली. परत मागं गेली.

"आई," ती ओरडली, "खोली लिहून आहे पण खोली नाही वं!"

आईचं नाव कौसल्या. शाळेत खिचडी रांधायची आणि शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्षही होती. अध्यक्ष झाल्यावर काही लोक हसले होते. ती म्हणाली, "हसा. पण सही माहीच लागते." तिची धाकटी बहीण सातवीच्या आत लग्न होऊन गेली होती. प्रीतीचं तसं होऊ द्यायचं नाही एवढं एकच तिनं धरून ठेवलं होतं. बाकी सगळं गेलं तरी चालेल.

कौसल्या चार बाया घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेली. परत आल्यावर सगळ्या माझ्या सावलीत टेकल्या, म्हणून मला सगळं ऐकता आलं.

"काय म्हणते साहेब, कौसल्याबाई?" मुख्याध्यापक रूपराव सरांनी विचारलं.

"साहेब नाही भेटला. धर्मेंद्र भेटला. म्हणे पैसा आला होता, पण तो दुसरीकडे वर्ग झाला."

"वर्ग झाला?"

"हव. आम्ही इथं वर्ग मागून राहिलो, अन् तिकडे पैसाच वर्ग झाला म्हणते! साहेबाच्या साळ्याची प्रायव्हेट शाळा आहे नं, तिच्या कमानीले लागला."

"अन् काहून म्हणून विचारलं नाही का?"

"विचारलं नं. तर म्हणे, बोरटोलीच्या बूथवर साहेबाले काय भेटलं होतं ते आधी आठवा. झाडाले पाणी टाकलं नाही अन् आंबे मांगता."

वंदना म्हणून एक शेजारीण होती, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "मायबाई! म्हणजे मत यांच्या घरचं पाणी, अन् शाळा यांच्या वावरातला आंबा?"

रूपराव सर घंटा द्यायला उठून गेले. ते मूळचे खाप्याकडचे, शेतकऱ्याच्या घरचे, माणूस सज्जन. पण सज्जन माणसावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बदलीची धमकी. ती त्यांच्या उशाखाली कायम असायची.

मित्रांनो, मी दगड आहे, मला राजकारण कळत नाही. पण एक मी फार दिवस घोळवलं. सहा वर्षांच्या पोरीनं कुणाला मत दिलं होतं? तिला तर मतच नाही. मग कुणाच्या मताची शिक्षा तिला? हे साधं गणित आहे. साहेबांना येत नव्हतं असं नाही. त्यांना ते पाठ होतं. जिथं मतं पडली तिथं शाळेला रंग, जिथं पडली नाहीत तिथं शाळेला कोनशिला. आणि पैसा कुणाचा? काडेपेटी विकत घेतली तरी कर लागतो म्हणतात. म्हणजे कौसल्याच्या चुलीतून निघालेला पैसा साहेबांच्या साळ्याच्या कमानीत गेला. चोर रात्री येतो आणि लपतो. हे दिवसा आले, मांडव घालून आले, आणि आपलं नाव कोरून गेले!

वर्षं गेली. प्रीती पाचवी झाली.

रूपराव सरांनी वरच्या ऑफिसात सहावीची मान्यता मागितली. उत्तर आलं, खोली नाही म्हणून सहावी देता येत नाही. मग त्यांनी खोली मागितली. उत्तर आलं, सहावीच नाही म्हणून खोलीची गरज दिसत नाही. सरांनी हे समितीला वाचून दाखवलं तेव्हा वंदना म्हणाली, "ह्याले म्हणते कुत्र्यानं आपलंच शेपूट धरणं." सगळे हसले. कौसल्या हसली नाही.

"सर," ती म्हणाली, "पोरींचे दाखले काढू नका. उद्यापासून सहावी इथं निंबाखाली बसन."

"कौसल्याबाई, मान्यता नाही. कोणी तक्रार केली तर माही नोकरी…"

"तुम्ही शिकवू नका. तुम्ही तिथून जाता जाता मोठ्यानं बोलजा. पोरी ऐकतीन."

दुसऱ्या दिवशी सर आले. जाता जाता नाही, चांगले थांबून शिकवायला लागले. शाळेत फळा एकच जादा होता, तो फुटका. सरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांची नजर माझ्या पाठीवर गेली. खडूनं एक रेघ ओढली. उमटली!

काय सांगू मित्रांनो! पुढून मी आमदारांची, पण मागून शाळेची झाले. एवढी वर्षं मी खोली शोधत होते आणि वर्ग माझ्या पाठीशी येऊन बसला. वरती रोज लिहायचे: इयत्ता सहावी, पट अकरा, हजर अकरा. कागदावर त्या पोरी कुठंच नव्हत्या. पण हजर होत्या. आणि खाली सरांनी एक रीत पाडली. रोज एका मुलीनं एक प्रश्न लिहायचा, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही. आजचा प्रश्न. कुणी लिहायची, मुंग्यांना वाट कोण सांगतं? कुणी लिहायची, सावली दुपारी कुठं जाते? मी तर हरखून गेले. माझ्यासारखीच चौकशीखोर जात ही!

उत्तर द्यायचं तर सरांचा नियम एकच होता. पूर्ण वाक्यात. अर्धं उत्तर लिहिलं की अर्धे मार्क कापायचे.

मग निवडणूक आली. निवडणूक लागली की दगडांवरची नावं झाकतात. एक माणूस खळीचा डबा घेऊन आला आणि माझ्या तोंडावर पांढरा कागद डकवून गेला. पुढं सगळा अंधार. पण मागं वर्ग चालूच. आचारसंहितेला ठाऊक नव्हतं की मला पाठही आहे. कागद निघाला तेव्हा साहेब पडले होते, दुसरे साहेब आले होते. आणि दुसऱ्या साहेबांच्या बाजूला कोण उभा? धर्मेंद्र! गळ्यातला गमछा तेवढा बदलला होता.

"काकू," तो कौसल्याला म्हणाला, "आता तुमची खोली पक्की. जुन्या साहेबानं तुम्हाले फसवलं."

"तू त्याच्याच बाजूले होता नं बापू?"

"म्हणून तर मले माहीत आहे."

नवीन साहेबांना त्याच खोलीचं भूमिपूजन नव्यानं करायचं होतं. नत्थूबाबा मशीन घेऊन आले आणि माझा चेहरा घासला. जुनी नावं भुकटी होऊन उडाली. पुन्हा नवीन नावं, पुन्हा मोठी अक्षरं. शाळेचं नाव तिथंच, मुंगीच्या जागी. घासताना दुखलं नाही. प्रीतीनं बोटानं गिरवलेला 'स' गेला, त्याचं दुखलं.

आता घोटाळा ऐका. साहेबांच्या ज्योतिषी गुरुजींनी सांगितलं होतं, साहेबांनी पडदा ओढताना तोंड पूर्वेकडंच पाहिजे, नाहीतर पद टिकत नाही. माझा चेहरा पूर्वेला. म्हणजे मला समोरून पाहणाऱ्याचं तोंड होणार पश्चिमेला. झाली का पंचाईत! धर्मेंद्रनं मोबाईलमधल्या होकायंत्रावर दिशा काढली, खुर्च्या उचलल्या, मांडव फिरवून निंबाच्या बाजूला नेला आणि मांडववाल्याला म्हणाला, "पडदा इकडून लाव."

"भाऊ, इकडून त दगडाची पाठ आहे."

"दगडाले काय पाठ अन् काय पोट? फोटो साहेबाचा येणार आहे, दगडाचा नाही. लाव लवकर."

एवढी वर्षं धर्मेंद्र माझ्या पुढं कितीदा उभा राहिला असेल. मागं एकदाही आला नव्हता. मांडववाल्यानं माझ्या पाठीवरची खडूची अक्षरं पाहिली. पण त्याचं काम झाकायचं, वाचायचं नाही. त्यानं झाकली.

साहेब आले. ढोलताशा, शाल, श्रीफळ. कौसल्याला मंचावर बसवलं होतं. तिनं साहेबांचा सत्कार करावा आणि बोरटोली आता साहेबांच्या पाठीशी आहे असं माईकवर म्हणावं, मग खोलीचं पाहू, असं धर्मेंद्रनं तिला दोनदा बजावलं होतं. हार तिच्या मांडीवर होता. ती कुणाकडंच पाहत नव्हती.

साहेबांनी पूर्वेकडं तोंड केलं. दोरी ओढली. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच तुटल्या.

माझ्या पाठीवर लिहिलं होतं: इयत्ता सहावी. पट अकरा. हजर अकरा. आणि खाली, प्रीतीच्या गोल अक्षरांत: आजचा प्रश्न. आमची खोली कुठं गेली?

वर काढलेले मोबाईल कुणी खाली केले नाहीत. कुणीतरी मागून मोठ्यानं वाचलं. धर्मेंद्रचा चेहरा पांढऱ्या कागदासारखा झाला. पण साहेब कच्चे नव्हते. ते मोठ्यानं हसले आणि माईक ओढून म्हणाले, "वा! फार सुंदर प्रश्न! याचं उत्तर मी देणार!"

पुन्हा टाळ्या. तेव्हा कौसल्या उठली. हार तिनं खुर्चीवर ठेवला.

"साहेब, तोंडी नका देऊ. फळा आहे नं समोर. फळ्यावर द्या."

प्रीतीनं खडू पुढं केला. एवढ्या मोबाईलांपुढं लहान पोरीच्या हातातला खडू नाकारायचा कसा? साहेबांनी घेतला आणि लिहिलं: लवकरच.

"साहेब," प्रीती हळूच म्हणाली, "पूर्ण वाक्यात लिहा. नाहीतर सर मार्क कापतात."

मांडव हसून लोटपोट झाला. साहेबही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. 'लवकरच' पुसलं आणि लिहिलं: बोरटोलीच्या शाळेची खोली मी होळीच्या आत बांधून देईन. आणि सवयीनं खाली सही ठोकली.

साहेबांच्या गाड्या धूळ उडवत गेल्या. पाठोपाठ धर्मेंद्र ओलं फडकं घेऊन आला. खडूच तो, एका हातानं गेला असता. पण कौसल्या त्याच्या आधी नत्थूबाबांजवळ पोचली होती. आपलं काम लोकांना कसं दिसतं ते पाहायला बाबा हौसेनं आले होते आणि पडदा पाठीवर पाहून बिचारे हिरमुसले होते.

"बाबा, छिन्नी आहे का?"

"छिन्नी मी जेवाले गेलो तरी संगं नेतो वं."

बाबा बसले आणि साहेबांच्या अक्षरावरून, जसंच्या तसं, वाकडं तर वाकडं, कोरत गेले. सहीसकट.

"कोणाच्या परवानगीनं?" धर्मेंद्र ओरडला.

"अक्षर साहेबाचं आहे बापू. मी फक्त खोल करून राहिलो. मिटवायचं असन तर साहेबालेच बलाव."

आजवर माझ्या अंगावर किती नावं आली. पण वाक्य पहिल्यांदा आलं. क्रियापद असलेलं.

आणि होळीच्या आत ट्रक आला! खरंच आला. विटा, सळया, वाळू. त्या वाक्याचे फोटो नागपुरात फोनोफोनी फिरले होते, इलाज नव्हता. पाया भरला, भिंती वर आल्या, दार झालं. प्रीतीनं दार कुठून आहे ते सगळ्यात आधी पाहिलं. निंबाकडून! मी इतकी खूश झाले की तुम्हाला सांगू शकत नाही. माझी खोली! शेवटी मी कुणाच्या तरी कोनाची शिला झाले.

पायरी तेवढी राहिली होती. बंटी नावाच्या मिस्त्रीनं ट्रकमधून एक काळा दगड उतरवला आणि दारापुढं पालथा घालायला उचलला. प्रीती तिथंच होती. तिला वाचल्याशिवाय राहवत नाही, ती सवय माझीच. तिनं दगड पालथा होण्याआधी वाचला. साहेबांचं नाव मोठं. आणि उजव्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरांत: वर्गखोलीचे भूमिपूजन, शाळा आंबाटोली.

"बंटीदादा, हा दगड कुठला?"

"तिकडचाच आहे. हे सगळं सामान आंबाटोलीतच उतरलं होतं. मंग फोन आला का उचला अन् बोरटोलीत नेऊन टाका, इकडे बोंबाबोंब झाली म्हणे." त्यानं थापीवरचा मसाला झटकला. "तिकडे कोणी व्हिडिओ नाही काढला नं."

मित्रांनो, मी पाहिलं त्या दगडाकडं. माझीच बहीण. तोच रंग, तीच मुंगी. मी इतकी चौकशीखोर, पण माझी खोली आली कुठून हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आपल्याला मिळालं की चौकशी बंद होते. साहेबांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यांच्या खिशातून काहीच जात नाही. ते इकडची चादर तिकडं ओढतात, आणि ज्याचे पाय झाकले जातात तो त्यांचा जयजयकार करतो.

बाया जमल्या. वंदना म्हणाली, "आपल्याले भेटलं नं? आता गप बसा. तोंड उघडलं तर हेही उचलून नेतीन."

खोटं नव्हतं ते. कौसल्या नव्या भिंतीला हात लावून उभी होती. भिंत अजून ओली होती. ह्या भिंतीसाठी ती किती दारांत उभी राहिली होती!

"आई," प्रीतीनं विचारलं, "आंबाटोलीच्या पोरी कुठं बसतीन?"

कौसल्यानं भिंतीवरचा हात काढला. मग म्हणाली, "खोली आपण सोडायची नाही. आता हिच्या विटा उपटून तिकडे धाडल्या तर ना आपली होईन ना त्यांची. पण कोणाच्या दगडावर पाय ठेवून माही पोरगी वर्गात नाही जाणार. बंटी, पायरी विटांची कर. अन् वंदना, तुह्या नवऱ्याचा ठेला आण."

तो दगड ठेल्यावर चढवला. बाया, अकरा पोरी आणि सगळ्यात मागं नत्थूबाबा, अशी वरात शेजारच्या वस्तीत, आंबाटोलीला गेली. मी जाऊ शकले नाही. पण प्रीतीनं येऊन सांगितलं की दगड शाळेच्या पटांगणात उभा केला, पाठ उघडी ठेवून, आणि तिथल्या पोरींना खडूचा डबा दिला. तिथली एक बाई, गोपिका तिचं नाव, आधी खूप भांडली. तुम्ही आमची खोली खाल्ली म्हणाली. कौसल्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हव, खाल्ली. आता मांगायले संगं येतो."

भिंती वाळल्यावर सहावी नव्या खोलीत भरली. आत चकचकीत फळा होता. पण प्रीती आधी माझ्याकडं आली. साहेबांच्या कोरलेल्या वाक्याखाली जागा होती. तिनं लिहिलं: आजचा प्रश्न. आंबाटोलीची खोली कुठं गेली?

रूपराव सर मागून आले. वर साहेबांची सही, खाली हा प्रश्न. त्यांनी तो दोनदा वाचला. हात खिशात गेला. मला वाटलं, रुमाल काढतील आणि पुसतील. बदलीची ती धमकी अजून उशाखाली होतीच. त्यांनी खडू काढला आणि प्रश्नाखाली, आपल्या वळणदार, सगळ्या बोरटोलीला ओळखता येणाऱ्या अक्षरांत लिहिलं: उत्तर पूर्ण वाक्यात द्यावे.

तेव्हापासून तो प्रश्न कुणी पुसलेला नाही. पुसट झाला की पोरी पुन्हा गिरवतात.

माझी निगा राखा असं मी तुम्हाला सांगणार नाही मित्रांनो. दगडाला काही होत नाही. निगा राखायची तर त्या मुंगीच्या अक्षरांची राखा. रस्त्यात कुठं कोनशिला दिसली तर मोठी नावं वाचत बसू नका, ती तुम्हाला पाठ आहेतच. कोपऱ्यात वाका. तिथं काय लिहिलंय ते वाचा आणि मग मागं जाऊन पाहा, ते आहे का. नसेल तर विचारा, कुठं गेलं. असेल तरी विचारा, कुणाकडून आलं.

आणि जाताना खिशात खडूचा एक तुकडा असू द्या.